आमच्या गल्लीच्या तोंडाशी संपणारं गटार

"ताई, ते समदं खरं हाय. पण मतदान कुठंय तुमचं?"

ग्रामपंचायतीच्या सदस्याने हे विचारलं तेव्हा मी त्याच्या ऑफिसात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते आणि त्याच्याच माणसाने दिलेला चहा माझ्या हातात होता. सोबत आमच्या गल्लीतल्या तीन बायका. आम्ही गटाराचं गाऱ्हाणं घेऊन गेलो होतो. तुंबलेलं पाणी, डास, पोरांचे ताप, सगळं सांगून झालं होतं. सदस्य ऐकून घेत होता, मान हलवत होता, मध्ये एकदा "अरेरे"सुद्धा म्हणाला. आणि मग हा प्रश्न. आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. एक म्हणाली, बीडकडं. दुसरी परभणीची निघाली. मी म्हणाले, लातूरकडं. चौथीचं नाव कुठल्याच मतदार यादीत नव्हतं.

"मग तिकडच्या सदस्याला सांगा की," भिंतीला टेकून बसलेला एक जण म्हणाला आणि ऑफिसात खसखस पिकली. सदस्य स्वतः हसला नाही. त्याने नुसता मोबाईल उचलला, म्हणजे आमची वेळ संपली. मी चहा तसाच ठेवून उठले. बाहेर आल्यावर बाकीच्या तिघी म्हणाल्या, जाऊ दे गं, आपण बाहेरचे. मला इतका संताप आला की मी त्यांच्या पुढे झपाझप चालत घरी आले. मी या गावात राहायला आले तेव्हा माझी पोरगी जन्मलेली नव्हती. आता ती पाचवीत आहे, इथल्याच शाळेत जाते, इथल्या मुलींसारखं "व्हय" आणि "न्हाई" बोलते. मग बाहेरची कोण?

आमचं हे गाव चाकणच्या कंपन्यांच्या मागच्या अंगाला. गावातल्या जुन्या घरांनी शेतात खोल्या बांधल्या आणि त्या आम्हाला भाड्याने दिल्या. आम्ही म्हणजे मराठवाड्यातून आलेले, विदर्भातून आलेले, पलीकडच्या गल्लीत बिहार-ओडिशाचे. सकाळी कंपनीच्या बसगाड्या येतात, शिफ्टची माणसं घेऊन जातात, दुपारी दुसरी माणसं नेतात. गावात दुकान चालतं ते आमच्यावर, दवाखाना चालतो तो आमच्यावर, आणि खोल्यांच्या भाड्यावर गावातल्या पोरांच्या गाड्या चालतात. हे मी रागाने म्हणत नाही, असं आहे म्हणून सांगते. बरं, थोडं रागानेही म्हणते.

गावाने सिमेंटचं गटार बांधलं ते वेशीपासून सुरू झालं आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी संपलं. पुढे ओढा आहे, पण ओढ्यापर्यंत काही ते गेलं नाही. त्यामुळे साऱ्या गावाचं सांडपाणी आमच्या दारासमोर येऊन पसरायचं. भर उन्हाळ्यातसुद्धा आमच्या गल्लीत हिरवं पाणी. आधल्या वर्षी माझ्या पोरीला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स उतरत गेल्या, सलाईन लागली, तिचे हात इतके थंड पडले होते की मी ते माझ्या पोटाशी धरून बसायचे. ती बरी झाली. घरी सोडताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "दुसऱ्यांदा झाला तर जास्त जड जाऊ शकतो. डासांपासून जपा." मी त्यांना काय सांगणार? पाणी आमच्या उंबऱ्याला लागलेलं. मला पुढच्या पावसाळ्याच्या आत ते गटार ओढ्यापर्यंत न्यायचं होतं. दुसरं काही नको होतं मला.

तोपर्यंत आम्ही सदस्याकडे कसे जात होतो, ते सांगते. नवरा त्याला रोज सकाळी व्हॉट्सॲपवर फुलांचं चित्र आणि शुभ सकाळ पाठवायचा. सदस्याचा वाढदिवस आला की गल्लीतले पुरुष शाल आणि हार घेऊन जायचे, फोटो काढायचे, आणि फोटो निघाला की हळूच म्हणायचे, "भाऊ, ते गटाराचं तेवढं बघा." भाऊ म्हणायचे, "बघू." पुरुष आनंदाने परत यायचे. फोटो स्टेटसला लागायचा. मी नवऱ्याला म्हणायचे, तुम्ही गटार सांगायला गेला होता की सत्काराला? तो चिडायचा. "गोडीनं घ्यावं लागतं," म्हणायचा. आमचं पाणी तसंच.

आणि मतदान गावाकडं का, तर सगळ्यांचंच तिकडं म्हणून. तिकडं निवडणूक लागली की गावाहून जीप येते. उमेदवाराची माणसं फोन करकरून सगळ्यांना गोळा करतात, वाटेत ढाब्यावर जेवण घालतात, मत टाकून झालं की परत आणून सोडतात. त्या जीपमध्ये फार मजा असते हे मी नाकारत नाही. आख्खी गल्ली माहेरी निघाल्यासारखी. तिकडं आपल्याला नावाने ओळखतात, पाणी विचारतात, "कधी आलीस बाई" म्हणतात. इथे वर्षभर कुणी विचारत नाही, म्हणून ते दोन दिवस गोड लागतात. पण मी त्या संध्याकाळी सदस्याच्या ऑफिसातून आल्यावर भांडी घासता घासता विचार केला. ज्या गावच्या रस्त्यावर मी वर्षातून दोनदा चालते, तिथला सरपंच मी निवडते. आणि ज्या गटारात माझी पोरगी रोज पाय घालते, तिथल्या सदस्याला माझी काडीचीही गरज नाही. त्याने मला हाकललं यात त्याचा हिशेब चोख होता. चुकीचा होता, पण चोख होता.

मी नवऱ्याला सांगितलं, मी माझं मतदान इकडं आणणार.

तो जेवत होता. त्याचा घास हातात राहिला. "काय करलालीस तू? गावाकडचं नाव कापणार?"

"नाव नाही कापत. मतदान हलवते."

"एकच आहे ते."

त्या वर्षी तिकडं त्याचा चुलतभाऊ सरपंचपदाला उभा राहणार होता. म्हणजे आमच्या घरातून एक मत कमी होणं ही साधी गोष्ट नव्हती. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचा फोन आला. त्यांनी मला कधी आवाज चढवून बोललेलं मला आठवत नाही, तेव्हाही चढवला नाही. म्हणाले, "बाई, यादीतून नाव गेलं की माणूस गावातून गेलं. उद्या जमिनीचं काही निघालं तर म्हणतील, हे कुठले?" मला रडू आलं. कारण ते म्हणत होते त्यात भीती खरी होती. मी त्यांना म्हणाले, "मामा, जमीन सातबाऱ्यावर आहे, मतदार यादीवर नाही. आणि तुमची नात ज्या पाण्यातून शाळेत जाते ते पाणी तिकडचा सरपंच काढू शकत नाही." ते म्हणाले, "पोरीला जप," आणि फोन ठेवला. नवऱ्याने माझ्याशी बोलणं टाकलं. टाकू दे म्हटलं. डबा मात्र दोघांचा मीच भरत होते.

पत्ता बदलायला इथे राहत असल्याचा पुरावा लागतो. घरमालकांकडे गेले. आम्ही त्यांना काका म्हणतो, माणूस तसा मायाळू, सणाला पुरणपोळी पाठवणारा. वीजबिलाची प्रत मागितली तर त्यांचा चेहरा बदलला.

"कशाला पाह्यजे?"

"मतदान इकडं करायचंय, काका."

"न्हाई बाई. आमी असलं काय देत न्हाई. उद्या तुमीच निवडून याल अन् आमाला गावाबाहेर काढाल." हसत म्हणाले, पण दिलं नाही. नंतर कळलं, कुठलाच घरमालक देत नव्हता. भाडेकरू मतदार झाला की गाव हातातून जातं, असं त्यांना वाटतं. मला वाईट वाटलं, पण थांबायला वेळ नव्हता. आम्हा सगळ्यांची पगाराची खाती कंपनीने उघडून दिलेली, आणि त्यांच्या पासबुकावर पत्ता याच खोल्यांचा. बँकेचं पासबुक चालतं हे मतदार यादीचं काम करणाऱ्या शाळेच्या बाईंनीच मला सांगितलं. मी आठवडी सुट्टीला गल्लीत घरोघर गेले. निम्म्या जणांनी नाही म्हटलं. गावाकडची जीप बंद होईल म्हणून एकाने तर तोंडावर नाही म्हटलं. बाकीच्यांनी अर्ज भरले. त्यात बायका जास्त होत्या, कारण गटाराचं पाणी बायकाच उपसतात. जिचं नाव कुठेच नव्हतं तिने पहिल्यांदाच अर्ज भरला आणि आपलं नाव यादीत आल्यावर मला मोबाईलवर पुन्हा पुन्हा उघडून दाखवलं. त्यानंतर एके दिवशी नवऱ्याने स्वतःचं पासबुक माझ्यासमोर ठेवलं. मी त्याला चिडवलं नाही, फार मोह झाला तरी.

मी गाड्यांची वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत लाइन लीडर आहे. आमच्या लाइनच्या डोक्यावर एक पांढरा बोर्ड असतो. माल रिजेक्ट झाला की त्यावर लिहायचं: अडचण काय, कशामुळे, कोण निस्तरणार, कोणत्या तारखेपर्यंत. चौथा रकाना रिकामा ठेवला तर मॅनेजर अख्ख्या लाइनसमोर बोलतो. तिथे "बघू" लिहून चालत नाही. मला एकदम वाटलं, आपण इतकी वर्षं कंपनीच्या मालासाठी असं काटेकोर बोलतो आणि आपल्या पोरांसाठी हार घेऊन उभे राहतो. हे सोडायचं. पुढाऱ्याकडे जाताना दहा गाऱ्हाणी न्यायची नाहीत, एकच न्यायचं. ते त्याच्या हातातलं आहे का हे आधी बघायचं. रस्ता कुणाचा, गटार कुणाचं, वीज कुणाची, हे न कळता ओरडलं की तो आपल्याला दुसऱ्याकडे टोलवतो आणि आपण टोलवले जातो. गटार ग्रामपंचायतीचं, हे ग्रामसेवकाला विचारून पक्कं केलं. आणि त्याला एकट्याने ऑफिसात गाठायचं नाही. चार लोकांत गाठायचं, जिथे दिलेला शब्द बाकीच्यांनीही ऐकलेला असतो.

असा चार लोकांतला दिवस म्हणजे ग्रामसभा. ती एक मे रोजी असते, आणि त्या दिवशी कामगारांना सुट्टी. इतकी वर्षं ती आमच्या नाकाखाली होत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता, कारण सभेचा निरोप गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो आणि त्या ग्रुपवर आम्ही नाही. मी ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची नोटीस जाऊन वाचली. ती कुणीच वाचत नाही, पण लावावी लागते.

देवळासमोरच्या मांडवात आम्ही सगळ्या जाऊन पुढे बसलो. काही जणी मुद्दाम कंपनीचा गणवेश घालून आल्या होत्या. पुरुषही होते, मागे उभे. मांडवात कुजबुज सुरू झाली. तो भिंतीला टेकून बसणारा माणूस उठला आणि म्हणाला, "ही गावची सभा हाय. भाडेकऱ्यांची न्हाई."

मी उभी राहिले. "यादी बघा," म्हणाले.

ग्रामसेवकाने यादी काढली. तो एकेक नाव विचारत गेला आणि आमच्यातली एकेक जण "हाय" म्हणत गेली. आम्ही ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांनी इथल्यासारखंच "हाय" म्हटलं. गावातल्या दोन म्हाताऱ्या बायका हसायला लागल्या. त्यातली एक म्हणाली, "बसू द्या की रं पोरींना. त्यांच्या दारात आपलंच पाणी जातंय न्हवं?" ते वाक्य मी बोलले असते तर भांडण झालं असतं.

मग मी बोलले. गटार आमच्या गल्लीच्या तोंडाशी संपतं, ते ओढ्यापर्यंत न्यावं, एवढंच म्हणाले. सदस्य उठला आणि सवयीने म्हणाला, "बघू, ताई."

"भाऊ, प्रोसिडिंगमध्ये 'बघू' कसं लिहायचं?" मी म्हणाले. "कोण करणार आणि कधीपर्यंत, ते लिहा. मग आम्ही उठतो."

लोक हसले, पण या वेळी माझ्यावर नाही. सदस्य लाल झाला. इथल्या सरपंचबाईंनी त्याच्याकडे बघितलं, ग्रामसेवकाशी काही बोलल्या आणि म्हणाल्या, लिहून घ्या, पावसाळ्यापूर्वी. मी म्हणाले, पावसाळा ही तारीख नाही. शेवटी त्यांनी तारीख घातली. मी ती लिहिलेली ओळ स्वतः वाचली आणि मगच खाली बसले. घरी जाताना नवरा माझ्या बाजूने चालत होता. "फार बोललीस," म्हणाला, आणि वाटेत माझ्यासाठी उसाचा रस घेतला.

तारीख आली आणि गेली. काम झालं नाही. मे संपत आला, वळवाचे दोन सडाके पडून गेले, आणि माझी पोरगी शाळेच्या शिबिरातून तापाने फणफणून आली. मी तिला उचलून त्याच दवाखान्यात नेलं. त्याच डॉक्टरबाई. रक्त घेतलं, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येणार होता. मी तिच्या खाटेशी बसले आणि सदस्याला फोन लावला. विनवण्या करायला नाही लावला. म्हणाले, "भाऊ, मी दवाखान्यातून बोलते. तुमची तारीख होऊन गेली. मला गटार कधी ते नका सांगू, तुम्ही इथे या आणि माझ्या पोरीला सांगा."

मला वाटलं, येणार नाही. आला. हातात सफरचंदाची पिशवी घेऊन दारात अवघडून उभा राहिला. पोरीने तापलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. पिशवी तशीच हातात धरून त्याने मला बाहेर बोलावलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "ताई, माझी पन् पोरगी हाय तेवढीच." मी म्हणाले, "मला माहीत आहे. म्हणूनच बोलावलं." सफरचंदं मी घेतली नाहीत. कठोर वागले असेन, पण त्या दिवशी त्याच्या हातचं काही घेतलं असतं तर माझं बोलणं तिथेच संपलं असतं.

रिपोर्टमध्ये डेंग्यू निघाला नाही. साधा ताप होता. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून पदर तोंडात घालून रडले. आम्ही घरी आलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी जेसीबी उभा होता आणि चर खणायला सुरुवात झाली होती. पाऊस लागायच्या आत गटार ओढ्यापर्यंत गेलं. दारातलं पाणी वाळलं तेव्हा खालची जमीन कशी दिसते, ते मी पहिल्यांदा पाहिलं.

मग अर्थातच फ्लेक्स लागला. सदस्याचा हात जोडलेला फोटो, खाली मोठ्या अक्षरात "यांच्या अथक प्रयत्नांतून". एका रविवारी लोकार्पण ठेवलं. गटाराचं लोकार्पण. स्पीकर आणला, नारळ आणला. गल्लीतले पुरुष हार घेऊन तयार. सदस्याने माझ्याबद्दल दोन बरे शब्द बोलून मला पुढे बोलावलं आणि म्हणाला, ताईंनी चार शब्द बोलावेत. त्याला आभार हवे होते आणि ते लोकांत हवे होते. नवरा खालून डोळ्यांनी खुणावत होता, म्हण बाई धन्यवाद.

मी माईक घेतला. समोर आमची गल्ली होती, आणि तिच्या मागे पलीकडच्या गल्लीतले बिहार-ओडिशाचे लोक काय चाललंय ते बघत उभे होते. त्यांच्यातली एक बाई तान्हं कडेवर घेऊन उभी होती. त्यांच्या गल्लीतून पाणी कुठेच जात नाही, तिथेच मुरतं. त्यांच्यातलं एकही नाव इथल्या यादीत नाही, आणि बऱ्याच जणांचं पुढची काही वर्षं येणारही नाही, कारण ते आज इथे आहेत तर उद्या कंपनी नेईल तिथे. माझ्या मनात आलं, आम्ही यादीत येऊन गटार मिळवलं खरं, पण यादीत नसताना आमच्या पोरी काय कमी आजारी पडत होत्या?

"आभार मी मानणार नाही," मी म्हणाले. "हे काम उपकार नाही, हे उशिरा झालेलं काम आहे. झालं, बरं झालं. आता पलीकडच्या गल्लीचं सांगा. त्यांना मराठी नीट येत नाही म्हणून मी विचारते. तिथलं पाणी ओढ्याला कधी जोडणार?"

स्पीकरमधून माझा आवाज पार देवळापर्यंत गेला असेल. हार धरलेले पुरुष जागच्या जागी उभे राहिले. सदस्य माझ्या शेजारी येऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, आज नको. माईक द्या इकडं."

"तारीख सांगा," मी म्हणाले, आणि माईक दोन्ही हातांनी धरून तिथेच उभी राहिले.